थेंबमामा आणि उतारावर कमावणारी गाडी

थेंबमामांचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक म्हणजे स्वतःचे कान आणि दुसरी, टाकीत बुडवून बघायची पट्टी. काट्यावर नाही, कागदावर नाही, पुढाऱ्यावर तर नाहीच नाही. बसमधल्या डिझेलच्या काट्याला ते साहेब म्हणायचे. "टाकी कोरडी पडली तरी हा आपला अर्ध्यावर मांडी घालून बसलेला," असं वर सांगायचे.

मामांची वस्ती डोंगरावर, दगडाच्या खाणीला लागून. खाण चालू होती तोवर मालक येता-जाता घरं बांधून देण्याच्या गोष्टी करायचा. खाण संपली आणि एका सकाळी मालकही संपला, म्हणजे दिसेनासा झाला. मागे राहिला एक भलामोठा खड्डा, छातीत बसलेली धूळ आणि कामगारांची ने-आण करायची एक जुनाट बस. घरं मिळायची होती, मिळाली बस. वस्तीने ती पदरात पाडून घेतली, मंडळ काढलं, वर्गणी सुरू केली. बसबरोबर ड्रायव्हरही आपसूक आला. त्या दिवसापासून आजवर शिवणकारखान्यातल्या बायका, इस्पितळातल्या आया, गोदामातले हमाल, सगळे या एका बसने खाली शहरात जातात आणि याच बसने वर येतात. दुसरी गाडी नाही. चालत जायचं म्हटलं तर उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना काळीज.

थेंबमामा हे नावही या बसनेच दिलं. मालकाच्या वेळी डिझेल मोजून मिळे आणि कमी पडलं तर ड्रायव्हरच्या डोक्यावर. तेव्हा मामांनी जी विद्या कमावली ती अशी : चढाला डिझेल लागतं, उतार फुकट असतो. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी घाट सुरू झाला की डावा हात गिअरच्या दांडीवर जायचा, गाडी न्यूट्रलवर पडायची आणि बस आपल्या वजनाने खाली घरंगळायची. मधे फक्त खाणीच्या वळणावर गिअर पडे, कारण तिथे एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला तोच भलामोठा खड्डा. वळण सरलं की पुन्हा न्यूट्रल. पुस्तकात हे चूक आहे हे मामांना ठाऊक होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याला डिझेल भरावं लागत नाही. जिथे दुसऱ्या ड्रायव्हरची टाकी संपे तिथे मामांच्या टाकीत आणखी एक फेरी शिल्लक असे. थेंबाथेंबातून फेरी काढणारा माणूस, म्हणून थेंबमामा.

मग फर्मान निघालं. अमुक वयाच्या वरच्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी. हवा स्वच्छ ठेवायची होती. ठेवा की, कोण नको म्हणतंय? खाणीची धूळ गिळताना ही हवेची काळजी कुठे गेली होती, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायला खाली जावं लागतं आणि खाली जायला बस लागते. वस्ती उठवायची तर बुलडोझर कशाला हवा? बस बंद करा, माणसं आपोआप गाठोडी बांधतात. मामांना पहिल्याच दिवशी हा वास आला होता. त्यात मंडळाच्या अध्यक्षांनी खाली शहरात एक खोली घेऊन ठेवल्याची बातमी होती.

"लेकीच्या शिक्षणासाठी घेतलीय, मामा," अध्यक्ष म्हणाले.

"असेल," मामा म्हणाले. मामांचं 'असेल' म्हणजे दुसऱ्याचं 'नाही'.

तोडगा आणला मामांच्याच भाचीने. बहिणीची मुलगी, याच वस्तीत वाढलेली. लहानपणी ती मामाशेजारी बोनेटवर बसून घाट उतरायची आणि उतरताना कानाला हात लावून म्हणायची, मामा, इंजिन झोपलं! आता खाली एका कारखान्यात जुन्या टेम्पोंना विजेची मोटर बसवण्याचं काम करत होती. तिने सभेत सांगितलं : बस मोडीत काढू नका, इंजिन काढा. मोटर बसवू, बॅटऱ्या बसवू, तीच बस विजेवर चालेल. सरकारी तपासनीस येऊन चाचणी घेईल. भरल्या वजनाने, एकदा चार्ज करून, दोन वेळा खाली जाऊन वर आली तर दाखला मिळेल. नाही आली तर बस भंगारात.

मामांनी हात वर केला. "म्हातारीला नवं काळीज बसवताय, ठीक. पण हाडांचं काय? सांगाडा किती वर्षांचा आहे माहितीये?"

"हाडं धड आहेत मामा. तूच तर जपलीस."

कौतुक केलं की मामा आणखी सावध व्हायचे. ते पुढचा प्रश्न जुळवत होते, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "मामांनी जरा भावना बाजूला ठेवून विचार करावा."

झालं. मामा ताडकन उठले. "भावना? मी सांगाड्याचं विचारतोय आणि हे माझ्या भावना काढतायत!" दार आपटून ते बाहेर पडले. पुढे सभेत काय झालं ते त्यांनी ऐकलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

बस वस्तीच्याच शेडमध्ये उघडली. भाचीने खाली लोळून हातोडीने सांगाड्याचा पट्टा न् पट्टा वाजवला. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं थप्प वाजतं. मामा बाहेर बाकावर पाठ करून बसले होते, पण कान शेडमध्ये. दोन जागी थप्प झालं. भाचीने नेमक्या त्याच दोन जागी खडूची फुली मारली आणि पट्टे बदलले. मामांनी मान हलवली नाही, पण नाव ठेवायलाही काही मिळालं नाही. साखळी लावून इंजिन वर उचललं तेव्हा मात्र ते उठून गेले.

"बघायचं नाही का मामा?"

"पोस्टमॉर्टम बघायची मला सवय नाही."

डिझेलच्या टाकीच्या जागी बॅटऱ्या आल्या, सुट्या चाकाच्या जागी आल्या, आणि उरलेल्या मागच्या लांब बाकाखाली. बाक वर उचलला गेला. त्यावर बसून वर्षानुवर्षं सासवांचा हिशेब चुकता करणाऱ्या शिवणकारखान्यातल्या बायका कुरकुरल्या, "पाय लोंबकळतात की हो, शाळेतल्या पोरींसारखे!" ब्रेकची हवा भरायला वेगळा विजेचा पंप बसला, कारण ती हवा भरणारं इंजिनच आता नव्हतं. गिअरबॉक्स मात्र भाचीने जुनाच ठेवला. चढ खडा होता, मोटरला त्याचा आधार हवा होता, हे एक. आणि दुसरं तिने मामाला सांगितलं. "दांडी तुझ्यासाठी ठेवलीय. हाताला परकं वाटायला नको."

मामांनी दांडीवरून हात फिरवला. तिच्या मुठीवर त्यांच्याच तळव्याचा खळगा होता. क्षणभर बरं वाटलं. मग मनात आलं, एवढं गोड का बोलतेय?

संशयाला खाद्य लगेच मिळालं. बाकाखाली वाकून बघताना एका बॅटरीच्या पेटीवर खरवडलेली चिठ्ठी दिसली आणि एका कोपऱ्यात दुसऱ्याच रंगाचा पोपडा. मामांनी नखाने पोपडा काढला, मुठीत धरला आणि शेड डोक्यावर घेतली.

"जुन्या आहेत! बॅटऱ्या जुन्या आहेत! नव्या नवरीला दुसऱ्याचे दागिने!"

"हो, जुन्याच आहेत," भाची मोटरखालून म्हणाली. "अपघातात चेपलेल्या गाड्यांच्या. गाड्या गेल्या, बॅटऱ्या शाबूत होत्या. एकेक तपासून घेतलीय. नव्या परवडल्या असत्या का वस्तीला? सभेत सांगितलं होतं सगळं."

"कुठल्या सभेत?"

"ज्यातून तू उठून गेलास त्या."

मामा शेडबाहेर वळले. पण पोपडा त्यांनी खिशात घातला. पुरावा हाताशी असलेला बरा.

मग चार्जिंगची भानगड. वीज जोडली, बॅटऱ्या भरू लागल्या आणि पुऱ्या भरायच्या आत भाचीने खटका बंद केला.

"टाकी कोणी अर्धवट भरतं का?"

"अर्धवट नाही, थोडी जागा ठेवलीय. गाडी उतारावर कमावते मामा. तिथे चाकंच मोटरला फिरवतात, त्याची वीज होते आणि बॅटरीत परत जाते. वरूनच तुडुंब भरून निघालो तर उतारावर मिळालेलं ठेवणार कुठे? म्हणून एक सांगते, उतारावर गिअर काढू नकोस. गिअर काढलास की मोटर सुटली आणि कमाई गेली."

मामा हसले, अगदी दात दाखवून. "उतारावर कमावणारी गाडी म्हणजे झोपेत कमावणारा नवरा. ऐकायला छान, बघितलाय कोणी?"

"बघशील आता."

मामांच्या आयुष्याचा एक नियम होता : फुकट मिळतंय असं कोणी म्हणालं की पहिल्यांदा आपला खिसा दाबून धरावा. मालकाने फुकट घरं देतो म्हटलं तेव्हा वस्तीने वीस वर्षं घाम दिला होता. आता उतार फुकट वीज देणार म्हणे. नक्कीच बॅटऱ्या पूर्ण भरल्या तर फुटत असणार आणि ही पोर ते झाकतेय.

पहिल्या फेरीला भाची शेजारी बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि त्यातून निघालेली वायर गाडीत खोचलेली. गाडी आवाज न करता निघाली आणि मामांचं अर्धं ड्रायव्हिंग तिथेच गेलं. कानांना काही कामच उरलं नाही. रस्त्यात झोपलेलं कुत्रंही उठेना, त्याला हॉर्न मारून उठवावं लागलं. समोर नवा मीटर होता, बॅटरी किती टक्के उरली ते दाखवणारा. आकडे सारखे लुकलुकत होते. मामांनी काच पुसायचं फडकं काढलं आणि मीटरवर टांगलं.

"हे काय?"

"डोळ्यांवर येतंय. आणि साहेब लोकांचं तोंड बघून मला गाडी चालवता येत नाही."

टाकीपाशी घाट सुरू झाला, हात दांडीकडे गेला. "मामा!" भाची म्हणाली. हात मागे आला. आणि गिअरमध्ये उतरताना मामांच्या पायाला, कमरेला एक गोष्ट जाणवली. गाडी अडखळतेय, कोणीतरी मागून शेपूट धरल्यासारखी. त्यांच्या हिशेबाने अर्थ सरळ होता. ही मोटर उतारावरसुद्धा खातेय! चढाला खाते ते खाते, वर फुकटच्या उतारालाही खाते.

त्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या, गाडी आरामात वर आली. वस्तीने टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाची कारखान्यात गेली. आता गाडीत फक्त प्रवासी होते आणि मामा. टाकीपाशी आल्यावर मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गिअर काढला. शेपूट सुटली, गाडी जुन्या चालीने घरंगळली. 'उतारावर खातेस काय? खा आता!' मामांना वाटलं, आपण चोराच्या तोंडातून घास काढला. दुसऱ्या फेरीत वर येताना गाडी खाणीच्या वळणापर्यंत आली, तिथून पुढे मुंगीच्या पावलाने सरकली आणि थांबली. प्रवासी उतरले. हमालांनी शिव्या दिल्या, बायकांनी पदर खोचले, उरलेला चढ सगळ्यांनी पायी काढला. गाडी तासभर निपचित पडल्यावर कशीबशी रिकामी वर आली.

मग हेच घडत राहिलं. भाची गाडीत असली की दोन फेऱ्या पुऱ्या. भाची नसली की खाणीचं वळण. मामांनी यावर पुष्कळ विचार केला आणि एक धागा पकडला. तिच्या पिशवीतली ती वायर! ती खोचली की गाडी चढते, नाही खोचली की नाही चढत. म्हणजे चाचणीच्या दिवशी वायर खोचून दाखला घ्यायचा, आणि नंतर वस्तीने रोज वळणावरून ढकलत आणायची. वर्षभरात माणसं कंटाळून उठतात, अध्यक्ष आपल्या खोलीत राहायला जातात, डोंगर मोकळा. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं.

मामांना एका गोष्टीची शंका आली नाही. स्वतःच्या डाव्या हाताची.

तिकडे भाचीही चिरडीला आली होती. तिने बॅटऱ्या दोनदा खोलल्या, दोनदा जोडल्या. तिसऱ्यांदा खोलून बसली तेव्हा मामा शेडच्या दारात उभे होते.

"मामा, खरं सांग. तू मुद्दाम करतोयस का?"

"मी?"

"मी असते तेव्हा चालते, मी नसते तेव्हा बंद पडते. गिअर काढतोस का उतारावर?"

आता मामांनी हो म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण चाळीस वर्षं घाट उतरलेल्या माणसाला काल बोनेटवर बसणारी पोर जाब विचारते? आणि तोही अध्यक्षांसमोर? कारण अध्यक्ष मागे उभे होते.

"तू मला गाडी शिकवू नकोस," मामा म्हणाले. "तुझ्या पिशवीत काय आहे ते आधी दाखव. ती वायर लावतेस तेव्हाच कशी चढते गाडी?"

भाचीचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला फसवेन? या वस्तीला?"

"मी नाव घेतलं नाही."

"ठीक आहे." ती उठली, हात पुसले. "चाचणीला मी खालून दुसरा ड्रायव्हर आणते. तू गाडीला हात लावू नकोस."

"आण. मग मीही तपासनिसाला सांगतो, बॅटऱ्या सडक्या आहेत. पुरावा आहे माझ्याकडे." मामांनी खिशातला पोपडा काढून दाखवला.

अध्यक्ष म्हणाले, "मामा, तुम्ही असं बोललात तर दाखला गेला, गाडी गेली. वस्तीही जाईल हो."

"तुम्हाला काय, तुमची खोली आहे!"

घरी आल्यावर मामींनी काही विचारलं नाही. मामी इस्पितळात आया होत्या, माणूस कुठे दुखतंय ते सांगत नसेल तर त्याला दाबून बघायचं नाही हे त्यांना माहीत होतं. त्या फक्त म्हणाल्या, "अहो, ते मीटरवरचं फडकं द्या धुवायला. शिसारी येते समोर दिसलं की."

"राहू दे."

मामींनी राहू दिलं नाही. चाचणीच्या आदल्या सकाळी मामा चाकांची हवा बघत असताना त्या गाडीत चढल्या, फडकं ओढलं आणि बादलीत टाकलं.

त्या सकाळची फेरी मामांचीच होती. नवा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी येणार होता. गाडी भरली, मामी नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. मामांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता : समोर मीटर उघडा, आकडे लुकलुकतायत. बघायचं नाही म्हटलं की डोळा तिथेच जातो. टाकीपाशी हात दांडीवर गेला, न्यूट्रल. आकडा ऐंशी. गाडी घरंगळली. आकडा ऐंशीच. एका वळणावर मामांनी ब्रेक मारले, दुसऱ्यावर मारले, ब्रेकच्या पट्ट्यांचा जळका वास आला. आकडा ऐंशीच. मामा मनात म्हणाले, बघा, बसला मांडी घालून, साहेबच तो.

खाणीचं वळण आलं. इथे गिअर टाकावाच लागतो. शेपूट ओढली गेली, मामींचं डोकं हलकंसं पुढे आलं. आणि आकडा झाला एक्क्याऐंशी.

मामांनी डोळे मिटून उघडले. वळण सरलं, हात सवयीने न्यूट्रलवर गेला. एक्क्याऐंशी, तिथेच. मामांनी गिअर टाकला. थोडं अंतर गेलं आणि ब्याऐंशी. काढला. ब्याऐंशीच. टाकला, काढला, टाकला.

"मामा!" मागून शिवणकारखान्यातली एक बाई ओरडली. "गाडीला उचकी लागली काय? कोणी आठवण काढतंय वाटतं!"

"तुझी सासू," दुसरी म्हणाली. सगळा मागचा बाक हसला.

मामांनी गाडी कडेला घेतली. हातब्रेक ओढला आणि नुसते समोर बघत बसले. कपाळावर घाम. मामी मागून पुढे वाकल्या.

"काय झालं?"

"मीटर खोटं बोलतंय."

"कशावरून?"

"उतारावर वाढतंय."

मामींनी मीटर पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला, दांडीवरचा हात पाहिला. माणूस कुठे दुखतंय ते सांगत नसेल तर हातांकडे बघावं. त्या हळूच म्हणाल्या, "मग खोटं आहे की खरं, ते वर जाताना कळेलच की. तिथे कोणाला खोटं बोलता येतंय?"

उरलेला घाट मामांनी गिअरमध्ये उतरवला. हात दोनदा दांडीवर गेला. दोनदा त्यांनी तो उचलून, अगदी दुसऱ्याचा असल्यासारखा, स्टिअरिंगवर ठेवला. भाची नव्हती, पिशवी नव्हती, वायर नव्हती. दुसऱ्या फेरीत खाणीचं वळण आलं आणि मागे गेलं. बायका बोलायच्या थांबल्या. गेले कित्येक दिवस त्या इथे पदर खोचून तयार बसायच्या. गाडी पाण्याच्या टाकीपाशी पोचली आणि मीटरवर बरंच काही शिल्लक होतं.

संध्याकाळी मामा शेडमध्ये गेले. भाची दांडीच्या बुडाशी काहीतरी मोजत होती. तिने मान वर केली नाही.

मामा उभे राहिले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. शेवटी म्हणाले, "ते फडकं... तुझ्या मामीने धुवायला घेतलं होतं आज."

भाचीचा हात थांबला. तिने मीटरकडे पाहिलं, मग मामाकडे. समजायला तिला पुरता एक श्वासही लागला नाही.

"मामा!" ती किंचाळली. "तीन आठवडे! मी बॅटऱ्या तीनदा खोलल्या! रात्ररात्र झोप नाही मला!"

"मग तपासून झाल्या ना नीट? बरंच झालं," मामा म्हणाले. त्यांची नजर मात्र जमिनीवर होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, खातेय. शेपूट धरल्यासारखं होतं गं. मी वाचवत होतो."

तिचा राग तिथेच अडला. कारण हा माणूस खरंच वाचवत होता. आयुष्यभर वाचवत आला होता, नेमकी यावेळी वाचवायची गोष्ट उलटी झाली होती. आणि दांडी ठेवली होती तीसुद्धा तिनेच, मामाच्या हाताला परकं वाटू नये म्हणून.

"उद्या दुसरा ड्रायव्हर येतोय," ती म्हणाली.

"त्याला खाणीचं वळण माहितीये?"

"नाही."

"मग त्याला चहा पाज आणि बसव मागे. भरल्या वजनाने त्या वळणावर मी कोणाला जाऊ देणार नाही."

"आणि तुझा हात?"

मामांनी डावा हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी बाकांवर माणसांऐवजी वाळूची पोती बसली. तपासनीस बोनेटशेजारच्या जागेवर, भाची मागे. यावेळी पिशवी तिने घरीच ठेवली होती. खालून आलेला ड्रायव्हर पोत्यांमध्ये. मामा चढले तेव्हा त्यांच्या हातात ते धुतलेलं फडकं होतं. मीटरवर टांगायचं सोडून त्यांनी ते गिअरच्या दांडीला गुंडाळलं आणि घट्ट गाठ मारली, वर एक टोक सोडलं.

टाकीपाशी घाट सुरू झाला. डावा हात आपणहून निघाला, चाळीस वर्षांच्या सवयीने, कोणाला न विचारता. तळव्याला ओळखीचा खळगा लागायचा तिथे गाठ लागली. हात दचकला, परत फिरला.

तपासनिसाने भुवई उंचावली. "हे काय बांधलंय?"

"लगाम आहे साहेब."

"गाडीला?"

"गाडीला कशाला? गाडी शहाणी आहे."

मागे भाचीने ओठ दाबून खिडकीबाहेर पाहिलं.

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत उतरतानाही हात पाच-सहा वेळा गाठीवर आपटला आणि परत आला. मग शेवटचा चढ. वाळू माणसांपेक्षा जड असते, ती पायांवर वजन घेत नाही, बोलत नाही, वळणावर कलतही नाही. आकडा उतरत चालला. खाणीच्या वळणावर मामांनी मीटरकडे बघायचं सोडलं आणि जुन्या सवयीने कान टवकारले. आवाज नाही असं वाटत होतं, तो होता. मोटरची बारीक, ताणलेली सुरावट, टायरखाली खडीची चरचर. सूर पडत नव्हता. मामांनी एक गिअर खाली घेतला, सूर मोकळा झाला. कडा मागे गेला, खड्डा मागे गेला. टाकीपाशी सगळी वस्ती उभी होती. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. 

गाडी टाकी ओलांडून शेडसमोर आली आणि थांबली. मीटरवर अजून आकडा होता. लहानसा, पण होता.

मग एकच गलका झाला. मामा खाली उतरले ते सरळ तपासनिसासमोर जाऊन उभे राहिले आणि खिशातून तो रंगाचा पोपडा काढला. भाची गर्दीतून पुढे सरसावली.

"साहेब, बॅटऱ्या जुन्या आहेत. मी सांगितलं नाही असं नको व्हायला."

"माहितीये," तपासनीस म्हणाला. "तुमच्या भाचीने पहिल्या दिवशीच सांगितलंय."

मामांनी भाचीकडे पाहिलं. मग पोपड्याकडे. इतके दिवस जपलेला पुरावा त्यांनी खड्ड्याच्या दिशेने भिरकावला.

दाखला मिळाला. अध्यक्षांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तरी विश्वास बसला ना?"

"बसला," मामा म्हणाले. "गाडीवर. तुमच्या खोलीचं बघू."

सगळे पांगल्यावर भाचीने गाडी चार्जिंगला लावली, थोडी जागा ठेवण्याच्या हिशेबाने. मामा शेडच्या भिंतीवरच्या विजेच्या पेटीसमोर उभे होते. खांबावरून आलेली तार त्यांनी डोळ्यांनी खालपर्यंत तपासली, मग पेटीला कान लावला.

"अहो, जेवायला चला," मामींनी हाक मारली.

"थांब जरा," मामा म्हणाले. त्यांनी कान पेटीला आणखी चिकटवला. "डिझेल आपलं आपण आणत होतो. ही वीज खालून येते. खालचे लोक ती कधी बंद करतील याचा नेम आहे का? घुर्र करतंय बघ. काहीतरी आहे."